अंगणातून कुरणात, कुरणातून भट्टीवर: मुलाच्या मागे चालत गेलेल्या शाळेची गोष्ट

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत, थोडी काटछाट केली आहे.)

आजचा भाग एका शब्दाचा आहे. शब्द इतका रोजचा की त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. अंगणवाडी.

हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी कागदावर आहे. पण तो जन्मला आपल्याकडे, जुन्या ठाणे जिल्ह्यात, आदिवासी पाड्यांवर. आणि ज्या माणसांनी तो जिवंत ठेवला त्यांतल्या दोनच नावांना पुस्तकात जागा मिळाली. बाकीच्या बायका रोज सकाळी उठून काम करत राहिल्या, आजही करतात. आजचा भाग त्यांच्यासाठी.

सुरुवात आपण चेण्यापासून करू. घोडबंदर रोडने ठाण्याहून वरसावे पुलाकडे निघालात की चेणे लागतं. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी. पावसाळ्यात नदीवर भिजायला येणाऱ्यांची गर्दी होते, म्हणून बऱ्याच मुंबईकरांना हे नाव सहलीपुरतं माहीत असतं. पण इथे पाडे आहेत, आदिवासी कुटुंबं आहेत. २००२ पासून मिरा-भाईंदर ही महानगरपालिका आहे आणि चेणे तिच्या हद्दीत येतं. म्हणजे नकाशावर हे शहर. आणि ठाणे तालुका पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही, त्यामुळे कागदावर हा ‘आदिवासी भाग’सुद्धा नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्याला अनुसूचित क्षेत्र म्हणून जे मिळतं ते इथल्या पाड्याला आपोआप मिळत नाही, आणि शहराला जे मिळतं ते पाड्यापर्यंत चढत नाही. अशा मधल्या जागेतलं लहान मूल कुणाच्या लक्षात राहतं? बहुतेक वेळा एकाच बाईच्या. तिच्या वहीत त्याचं नाव असतं, वजन असतं, लस कधीची राहिली ते असतं.

ही बाई इतिहासात आली कुठून, ते आता बघू. त्यासाठी चेण्याहून उत्तरेला जावं लागेल, पश्चिम रेल्वेच्या घोलवड स्टेशनजवळ, समुद्रकाठच्या बोर्डी गावात. आज हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. पण पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. त्याआधी बोर्डी काय आणि चेणे काय, सगळं ठाणे जिल्ह्यातच धरलं जायचं.

गरिबांची पद्धत, श्रीमंतांची शाळा

ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबई. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. ताराबाई १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. त्या काळी बाईने पदवीधर होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पुढे राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. मोठं पद, चांगला पगार. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं, मारिया माँटेसरींच्या विचारांवर. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. तेव्हाच्या शाळेत छडी आणि घोकंपट्टी चालायची. हे लोक म्हणत होते, अडीच-तीन वर्षांचं मूलसुद्धा माणूस आहे, त्याला मारून काही शिकवता येत नाही.

इथे जरा थांबूया. माँटेसरी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नीटनेटकी शाळा, गुळगुळीत लाकडी साहित्य आणि भरपूर फी. पण बाईंनी पहिलं बालगृह काढलं १९०७ मध्ये, रोममधल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत. आईबाप कामावर जायचे, पोरं चाळीच्या जिन्यात हुंदडायची, त्या पोरांसाठी. म्हणजे पद्धत जन्मली गरिबाघरी, आणि जगभर फिरता फिरता श्रीमंतांची झाली. आपल्याकडेही तेच होऊ लागलं होतं. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं, ते उत्तम चाललं, पण तिथे येणारी मुलं मध्यमवर्गाची. गाडी, घोडा, नाश्ता, सगळं ज्यांना घरीच आहे अशी.

ताराबाईंना हे बोचत होतं. ज्यांना बालशिक्षणाची खरी गरज आहे ती मुलं आपल्या दारात येतच नाहीत, मग आपण केलं काय? वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, मुंबईतलं बसलेलं काम मागे ठेवून त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे पुढचं आयुष्य कोपऱ्यात गेलं असतं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवलं. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं, तिथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. बोरिवली! म्हणजे आपल्या चेण्याच्या डोंगराच्या पलीकडेच म्हणा ना. तिथून त्या बोर्डीला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्याच मातीत काढली.

त्याच वर्षी, त्याच टापूत

आता एक गोष्ट जोडून बघा. बालशिक्षणाच्या इतिहासात ती सहसा वेगळ्या प्रकरणात जाते.

१९४५ हेच वारल्यांच्या उठावाचं वर्ष. उंबरगाव-डहाणू भागातली जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती. वारली त्यांच्याकडे वेठीला. लग्नासाठी शे-दीडशे रुपये कर्ज काढलं की नवरा-बायको जन्मभराचे गडी, त्याला नावच होतं ‘लग्नगडी’. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले, शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही असं ठरलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. गोदूताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या लढ्याचंच आहे.

मी या दोन घटना एकत्र का सांगतोय? कारण मुलाचं बालपण आणि आईबापाची मजुरी या वेगवेगळ्या गोष्टी नसतात. वेठीला जाणाऱ्या आईचं चार वर्षांचं पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसायचं. सात वर्षांचं पोर मालकाची गुरं राखायचं. त्या पोराला ‘शाळेत ये’ म्हणणं सोपं आहे. त्याचा दिवस आधीच विकला गेलेला होता. लढ्याने तो दिवस सोडवायला सुरुवात केली. बालवाडीने त्या दिवसात काहीतरी भरायला घेतलं. दोन्ही कामांचे रस्ते वेगळे, विचार वेगळे, माणसंही वेगळी. पण मूल तेच.

मूल येत नाही? मग आपण जाऊ

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण पाड्यावरची मुलं येईनात. कारणं साधी होती. अंतर. अंगावर कपडा नाही. गावात जायची भीती. घरी धाकटं भावंडं. यावर सरळ उपाय म्हणजे आईबापांना उपदेश करणं. आपण सगळे तेच करतो. ताराबाई-अनुताईंनी उलटं केलं. बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. झोपडीसमोरचं अंगण झाडायचं, मुलं गोळा करायची, त्यांना अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

साहित्य? इटलीहून आलेले लाकडी ठोकळे परवडणार नव्हते आणि त्या मुलांना ते ओळखीचेही नव्हते. मग शिंपले, बिया, खडे, पानं, माती, काड्या. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. पद्धत माँटेसरींची, माल मात्र सगळा पाड्यावरचा. माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या, मद्रासला अड्यारमध्ये राहिल्या, शेकडो शिक्षकांना शिकवलं. पण त्यांच्या विचाराला परत गरिबाच्या दारात कुणी नेलं असेल तर माझ्या मते या दोघींनी.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथे विकासवाडी उभी राहिली. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्या वरच्यांसाठी बालवाडी, मग प्राथमिक शाळा, सगळं एका आवारात. त्यात शहाणपण असं की मोठी बहीण शाळेत येताना धाकट्याला घेऊनच येणार. तिला ‘त्याला घरी ठेव’ म्हटलं तर तीही घरीच राहील. म्हणून दोघांची सोय.

आणि गुराख्यांचं काय? ती मुलं दिवसभर रानात. मग शिक्षक रानात गेले. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली बसलीत, शाळा सुरू. तिला नाव पडलं कुरणशाळा. ज्यांना दिवसा अजिबात सवड नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. ‘शाळाबाह्य मुलं’ हा शब्द आपण आज वापरतो, त्यात दोष मुलाकडे जातो. कोसबादला प्रश्न वेगळा होता: शाळाच मुलांबाहेर राहिली आहे, ती आत कशी न्यायची?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. १९९२ मध्ये त्याही गेल्या. त्यांचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

पण मला नेहमी वाटतं ते त्या अंगण झाडणाऱ्या इतर हातांबद्दल. दोन शहरी बायका एकट्याने इतके पाडे चालवू शकत नाहीत. नूतन बालशिक्षण संघाने बालसेविका तयार केल्या. सकाळी घरोघर हाका मारत फिरणारी, मुलाची बोली जाणणारी, कुठल्या घरात काल चूल पेटली नाही हे माहीत असणारी बाई. ही माहिती कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही. ती तिथे राहूनच येते. या बायकांची नावं पुस्तकांत फारशी नाहीत.

शब्द दिल्लीला गेला

२ ऑक्टोबर १९७५. केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरात ३३ प्रकल्प. गावपातळीच्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, पूर्वशालेय शिक्षण आणि आयांना पोषण-आरोग्याचं शिक्षण, अशा सहा सेवा. पन्नास वर्षांत त्या ३३ प्रकल्पांच्या जागी देशभर तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या झाल्या. एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर.

पण लहान पाड्याचं काय? तिथे मुलंच कमी, मग केंद्र मिळणार कसं? १३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितलं की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. म्हणजे शाळा मुलाकडे जाण्याची कोसबादची कल्पना आता हक्क झाली. हे फार मोठं काम आहे, सरकारी म्हणून नाक मुरडू नका.

मात्र जाता जाता एक गोष्ट हरवली. अंगण. आज अंगणवाडी म्हणजे एक खोली, कधी स्वतःची, कधी भाड्याची. आणि सेविकेच्या हातात शिंपल्यांच्या जागी रजिस्टरं आणि फोन. २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲप आहे. हजेरी त्यात, वजन त्यात, उंची त्यात. एका फीतीने दंडाचा घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते मूल तीव्र कुपोषित. साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे केवढं? अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा. साधारण तेवढंच. ते मूल शोधण्याची जबाबदारी तिच्यावर. वर निवडणूक आली की बीएलओचं काम, सर्वेक्षण आलं की सर्वेक्षण.

आणखी चार पावलं

शाळेने मुलामागे जाण्याची ही चाल अंगणवाडीपाशी थांबली नाही. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू होतं, तिथे मजुरांची तान्ही मुलं उन्हात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तंबूत पाळणाघर सुरू केलं. मोबाईल क्रेशेस. पुढे ते काम मुंबईतही आलं. घोडबंदर रोडवर आज जे मनोरे उभे राहतायत त्यांच्या तळाशी पत्र्याच्या खोल्यांत कोण राहतं, हे आठवलं की या कामाचं मोल कळतं.

चेण्यासमोर खाडीपलीकडे वसई तालुका. तिथे विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. दिवाळी झाली की कुटुंब भट्टीवर जायचं ते पावसापर्यंत, मुलाची शाळा मधेच तुटायची. मग शाळा भट्टीवर गेली, आणि शिकवायला त्याच भागातली तरुण मुलं-मुली. अंगण, कुरण, भोंगा. ऊसतोडीच्या फडावर गेली तिला साखरशाळा म्हणतात. आपल्या मराठीत या शाळांना किती नावं आहेत बघा, आणि प्रत्येक नाव मूल जिथे होतं त्या जागेचं आहे.

यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, चांगुलपणा आहे, पण उपयोग होतो का? तर ऐका. मुंबईच्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच, शिकलेली तरुणी. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे. मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ दरम्यान अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोर तुलना केली, काही वर्गांत बालसखी, काहींत नाही. बालसखी असलेल्या वर्गांतल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि सर्वात जास्त फायदा सर्वात मागच्यांना. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. २०१९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि त्या बालसखीला महिन्याला मिळत होते पाचशे ते साडेसातशे रुपये.

हे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवले.

मान आणि धन

अंगणवाडी सेविकेला जे मिळतं त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द आदराचा आहे, पण त्याचा अर्थ असा की ती सरकारी कर्मचारी नाही, ती ‘मानसेवी’ आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने हे मानधन सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये केलं. राज्य त्यात आपली भर घालतं. मदतनीस म्हणजे कोण? जी सकाळी मुलांना घरून हाताला धरून आणते, खोली झाडते, खिचडी शिजवते, शी-शू करते. म्हणजे बोर्डीच्या अंगणात जे पहिलं काम होतं, ते.

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेविका-मदतनीसांना १९७२ च्या उपदान कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, मानधन हेही वेतनच. न्यायमूर्ती होते अजय रस्तोगी आणि अभय ओक. योजना सुरू होऊन तोवर सत्तेचाळीसावं वर्ष लागलं होतं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या काळात बातम्यांचा सूर होता ‘बालकांचा आहार बंद’. बरोबर होतं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की या बायका एक दिवस घरी बसल्या तर राज्यातल्या लाखो मुलांच्या पोटात फरक पडतो. असं किती नोकऱ्यांबद्दल म्हणता येईल?

म्हणून कौतुकाबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ‘निःस्वार्थ सेवा’, ‘माऊली’, ‘देवमाणूस’ हे शब्द आपण पटकन वापरतो. त्यांत आपुलकी असते, खोटं काही नसतं. पण माऊली म्हटलं की पगाराचं बोलणं अवघड होतं. ताराबाई-अनुताईंनी जे उभं केलं त्यात दया नव्हती, कसब होतं. मूल बघायचं, ते का येत नाही ते शोधायचं, आणि स्वतःची जागा बदलायची. हे कसब शिकावं लागतं, टिकवावं लागतं, आणि कसबाचा दाम असतो. १९४५ मध्ये वारली हेच तर म्हणत होते, कामाचा दाम द्या.

तेव्हा पुढच्या वेळी चेण्याला नदीवर गेलात, किंवा तुमच्याच गल्लीतल्या अंगणवाडीवरून गेलात, तर दोन मिनिटं थांबा. बाईंना नावाने हाक मारा, आधी नाव विचारून घ्या. पटावर किती मुलं, खोली कुणाची, भाडं वेळेवर येतं का, वजनकाटा चालतो का, नळाला पाणी आहे का, हे विचारा. आणि जे चालत नसेल ते घेऊन वॉर्ड ऑफिसात किंवा नगरसेवकाकडे जा, बाईंना पाठवू नका. त्यांचा अर्धा दिवस जाईल, आणि त्या दिवशी कुणाच्या तरी दंडाचा घेर मोजायचा राहील.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या भागातल्या अशा शाळेला लोक काय नाव देतात ते मला जरूर कळवा, मी ती नावं गोळा करतोय. भेटू पुढच्या भागात.